४५४ घन इंचांच्या सागरी इंजिनाची घरी जुळणी: सिलिंडरात येणारे पाणी आणि कॅमशाफ्टची निवड, मदत हवी आहे

नमस्कार.

शेव्हरोलेच्या ४५४ घन इंचांच्या बिग ब्लॉक इंजिनाची मी घरच्या गॅरेजमध्ये दुसऱ्यांदा जुळणी करत आहे. ते एका वेगवान मोटारबोटीत बसवायचे आहे. पहिल्या जुळणीनंतर इंजिन सुमारे चाळीस तास उत्तम चालले आणि मग एक एक्झॉस्ट व्हॉल्व्ह गाइडमध्ये (दांडी सरकते त्या नळीत) अडकून त्याला ढकलणारा पुशरॉड वाकला. हेड उतरवून पाहिले, तेव्हा पिस्टन आणि बेअरिंग निर्दोष होते. परंतु काही एक्झॉस्ट व्हॉल्व्हच्या दांड्यांवर आणि सीटवर लालसर गंज धरलेला होता. सिलिंडरात पाणी येत होते, हे उघड आहे. ते कॅमशाफ्टमुळे, म्हणजे व्हॉल्व्ह उघडणाऱ्या दांड्यामुळे, आले असावे असे माझे मत झाले आहे, पण नवा कॅमशाफ्ट घेण्यापूर्वी ते अनुभवी माणसांकडून तपासून घ्यावे, यासाठी हा प्रश्न विचारत आहे.

आधी खालच्या भागाची स्थिती सांगतो. ब्लॉक ०.७६ मि.मी. मोठा करून घेतला असून बोअर आता १०८.७ मि.मी. आणि स्ट्रोक मूळचाच १०१.६ मि.मी. आहे, म्हणजे क्षमता ७.५४ लिटर होते. होनिंग, म्हणजे बोअरची अखेरची घासाई, टॉर्क प्लेट (हेडसारखा ताण देणारी जाड पट्टी) बसवून केले आहे. मेन बेअरिंगचा क्लिअरन्स ०.०७० मि.मी. आणि कनेक्टिंग रॉडचा ०.०५८ मि.मी. भरला. जर्नलच्या (बेअरिंगमध्ये फिरणाऱ्या भागाच्या) व्यासाच्या हजाराव्या भागाइतका क्लिअरन्स, या नेहमीच्या हिशेबात दोन्ही बसतात. ही मापे मी प्लास्टिगेजवर (दाबून चपटा होणाऱ्या मोजणीच्या धाग्यावर) न सोडता मायक्रोमीटर आणि डायल बोअर गेजने, प्रत्येक जर्नलवर दोन दिशांनी घेतली आहेत. वरच्या रिंगची फट ०.५४ मि.मी. ठेवली आहे. मोटारगाडीचे इंजिन सपाट रस्त्यावर आपल्या शक्तीचा थोडासाच भाग वापरते. बोटीचे इंजिन मात्र न संपणाऱ्या चढावर गाडी ओढावी तसे तासन्‌तास भाराखाली असते. रिंग तापून तिची टोके एकमेकांना भिडली, तर ती सिलिंडरची भिंत ओरबाडते, म्हणून फट थोडी जास्त असलेली मला परवडते.

कॉम्प्रेशनचा हिशेब असा आहे: एका सिलिंडरचे स्ट्रोकमधील आकारमान ९४३ घन सें.मी., हेडची पोकळी ११९, गॅस्केट ९.६, पिस्टन आणि डेक यांमधील अंतर ४.७, आणि पिस्टनच्या घुमटामुळे वजा १४. यातून ८.९ हे गुणोत्तर येते. बिडाच्या हेडवर आणि साध्या पेट्रोलवर यापुढे जाण्याची माझी इच्छा नाही.

आता मूळ प्रश्न. पहिल्या जुळणीत मी मोटारगाडीसाठी बनवलेला कॅमशाफ्ट वापरला होता. लोबने (कॅमशाफ्टवरील उंचवट्याने) १.२७ मि.मी. उचल दिल्यापासून मोजलेला त्याचा कालावधी इनटेकला २३६ अंश आणि एक्झॉस्टला २४२ अंश होता, तर लोब सेपरेशन, म्हणजे इनटेक आणि एक्झॉस्ट लोबच्या मध्यांमधील कोन, ११० अंश. दोन्ही कालावधींची सरासरी २३९ आणि त्यातून सेपरेशनची दुप्पट, म्हणजे २२०, वजा केली, तर त्या उंचीवर दोन्ही व्हॉल्व्ह १९ अंश एकाच वेळी उघडे राहतात. मंद गतीत इनटेक मॅनिफोल्डमध्ये निर्वात असतो; त्यामुळे या ओव्हरलॅपच्या काळात एक्झॉस्टमधील वायू उलट दिशेने सिलिंडरकडे ओढला जातो. गाडीत याचा परिणाम इंजिन खडबडीत चालण्यापुरता असतो. बोटीत एक्झॉस्ट थंड करण्यासाठी त्यात पाणीच सोडलेले असल्यामुळे उलट फिरणारा वायू पाण्याचे तुषार सोबत आणतो, आणि माझ्याकडे ते समुद्राचे खारे पाणी आहे.

माझ्यासमोर असलेला दुसरा कॅमशाफ्ट २२४ आणि २३० अंशांचा असून त्याचे लोब सेपरेशन ११४ अंश आहे. त्याच हिशेबाने ओव्हरलॅप उणे १ अंश येतो. वरच्या फेऱ्यांवरील थोडी शक्ती जाईल, पण बंदरातून हळू बाहेर पडताना इंजिन पाणी पिणार नाही, अशी माझी अपेक्षा आहे. ही निवड योग्य आहे का? आणि पाणी येण्याचे दुसरे एखादे कारण माझ्या नजरेतून सुटले आहे का?

कार्ब्युरेटर, स्टार्टर, अल्टरनेटर, डिस्ट्रिब्युटर आणि इंधनपंप सागरी बनावटीचेच घेतले आहेत. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असून ती बोटीच्या तळाशी साचते, त्यामुळे एका ठिणगीचा धोकाही मला पत्करायचा नाही.

प्रतिसाद

आपले मोजमाप नीट झालेले दिसते आणि कॅमशाफ्टबद्दलचा तर्कही बरोबर आहे. तरीही तो बदलण्यापूर्वी गंज नेमक्या कोणत्या सिलिंडरांत आहे, याचा नकाशा कागदावर काढावा. दोन्ही बाजूंना राइजरजवळच्या (एक्झॉस्ट मॅनिफोल्डवरून वर जाणाऱ्या नळीजवळच्या) सिलिंडरांतच गंज असेल, तर संशय ओव्हरलॅपवर जातो. एकाच बाजूला असेल, तर मॅनिफोल्डला आतून तडा गेला आहे किंवा राइजरचे गॅस्केट गळते आहे, असे आधी समजावे. मॅनिफोल्डची पाण्याची वाट दोन्ही टोकांनी बंद करून हवेच्या दाबाखाली ठेवावी आणि दाब उतरतो का ते पाहावे. चांगल्या कॅमशाफ्टवर गळका मॅनिफोल्ड बसवला, तर चाळीस तासांनी आपण पुन्हा याच जागी उभे असाल.

आणखी दोन गोष्टी पाहाव्यात. किल्ली बंद केल्यावर इंजिन काही क्षण धडधडत राहत होते का? तसे होताना ते कधी कधी उलटे फिरते आणि एक्झॉस्टमधून सरळ पाणी ओढते. दुसरे म्हणजे, बोट पूर्ण इंधन आणि माणसांसह पाण्यात असताना जलरेषेपासून राइजरची उंची किती उरते, हे मोजावे. रिकाम्या बोटीवरचे माप फसवते.

कॅमशाफ्ट बदललात तर व्हॉल्व्हच्या स्प्रिंगाही त्याला साजेशा हव्यात. पिस्टन आणि व्हॉल्व्ह यांमधील अंतर मातीचा गोळा ठेवून तपासावे: इनटेकला निदान २ मि.मी. आणि एक्झॉस्टला २.५ मि.मी. असावे. सपाट टॅपेट (लोबवर घासत चालणारे, पुशरॉड उचलणारे भाग) असतील, तर सगळे नवे घालावेत आणि पहिल्या सुरुवातीनंतर वीस मिनिटे इंजिन मिनिटाला २००० फेऱ्यांच्या वर ठेवावे. मंद गतीत सोडल्यास लोबला क्रँकशाफ्टने उडवलेले तेल पुरेसे मिळत नाही आणि तो पहिल्याच दिवशी झिजतो. त्यामुळे पाण्याच्या पुरवठ्याची सोय आधी करून मगच इंजिन सुरू करावे.

धागाकर्त्याचा पुढील प्रतिसाद

आपल्या सूचनेप्रमाणे नकाशा काढला. दोन्ही बाजूंना राइजरला लागून असलेल्या दोन-दोन सिलिंडरांतच दाट गंज आहे आणि बाकीचे जवळजवळ स्वच्छ आहेत. दोन्ही मॅनिफोल्डनी रात्रभर दाब धरून ठेवला. उंची मात्र मी रिकाम्या बोटीवरच मोजली होती. टाकी भरून आणि मागच्या बाकावर दोन माणसे बसवून पुन्हा मोजली, तेव्हा मागची बाजू बरीच खाली गेली आणि राइजर जलरेषेच्या अस्वस्थ करण्याइतका जवळ आला. त्यामुळे २२४ आणि २३० अंशांचा कॅमशाफ्ट घेत आहेच, शिवाय दोन्ही राइजरखाली उंची वाढवणारा तुकडाही बसवत आहे.

एक प्रश्न अजून उरला आहे. एक्झॉस्ट व्हॉल्व्ह नव्याने घ्यायचेच आहेत. दीर्घकाळ पूर्ण भाराखाली चालणाऱ्या इंजिनात इन्कोनेलचे (निकेलच्या मिश्रधातूचे) व्हॉल्व्ह उष्णता अधिक सोसतात, हे मला ठाऊक आहे, पण ८.९ कॉम्प्रेशनच्या, टर्बो नसलेल्या या इंजिनात चांगल्या प्रतीचे स्टेनलेस स्टीलचे व्हॉल्व्ह पुरेसे ठरतील का? ज्यांनी अशा इंजिनाचे हेड काही हंगामांनंतर पुन्हा उघडून पाहिले आहे, त्यांनी व्हॉल्व्हची दांडी आणि सीट कोणत्या अवस्थेत सापडली, ते कृपया लिहावे.