शब्दचर्चा: ‘सार्वजनिक कायदा’ यातलं ‘सार्वजनिक’

प्रश्न
मुलगी मुंबईत विधीच्या पहिल्या वर्षाला आहे. ‘सार्वजनिक कायदा’ आणि ‘तुलनात्मक संविधान’ असे विषय तिला आहेत. मला ‘सार्वजनिक’ म्हटलं की गणेशोत्सव मंडळ, वाचनालय, सुट्टी एवढंच आठवतं. मग मंडळं ज्याखाली नोंदतात तो सार्वजनिक न्यासांचा 1950चा कायदा म्हणजेच सार्वजनिक कायदा का? तसं नसेल तर ‘शासनविधी’ हा शब्द जास्त स्वच्छ नाही का?

प्रतिसाद
दोन्हीकडे शब्द एकच असला तरी त्याचं काम निराळं आहे. न्यासाच्या बाबतीत ‘सार्वजनिक’ म्हणजे लाभ कोणाला, ते. लाभ घेणारी ठरावीक माणसं असतील तर न्यास खाजगी, समाजातला मोठा गट असेल तर सार्वजनिक. ‘सार्वजनिक कायदा’ म्हणताना मात्र लाभाचा प्रश्नच नसतो. सत्ता कोणाची, ती कुठून आली, कुठवर चालते आणि ओलांडली तर दाद कुठे मागायची, हा त्याचा विषय. सार्वजनिक आणि खाजगी कायदा ही विभागणी जुनी आहे. रोमन विधिज्ञ उल्पियनने रोमच्या राज्यव्यवस्थेसंबंधीचा कायदा एका बाजूला आणि व्यक्तींच्या हितासंबंधीचा दुसऱ्या बाजूला ठेवला होता.

तुमच्या मंडळाचंच घ्या. मंडळाने डेकोरेटरचे पैसे थकवले, तर तो कराराचा वाद, दिवाणी न्यायालयात जाईल. महापालिकेने रस्त्यावरच्या मंडपाला काही कारण न देता परवानगी नाकारली, तर तो सार्वजनिक कायद्याचा प्रश्न आणि दाद मागायची उच्च न्यायालयात, रिट याचिकेने.

पण सीमा नेहमी इतकी सरळ नसते, आणि माझ्या मते विषयाची खरी गोडी तिथेच आहे. मुंबई विमानतळावरच्या उपाहारगृहाच्या निविदेचा खटला 1979 साली सर्वोच्च न्यायालयात गेला. निविदेत अनुभवाची अट होती आणि ती पूर्ण न करणाऱ्यालाच काम दिलं गेलं. वरवर पाहता हा साधा व्यापारी करार. न्यायालय म्हणालं, विमानतळ प्राधिकरण हे राज्यघटनेच्या अनुच्छेद 12मधलं ‘राज्य’ आहे, म्हणजे मूलभूत हक्कांनी बांधलेलं, त्यामुळे स्वतःच घातलेली अट त्याला मनमानीने सोडता येणार नाही. त्या याचिकादाराला दिलासा मिळाला नाही, पण तत्त्व पक्कं झालं.

याच्या उलट बाजूचं उदाहरणही मुंबईतलंच. भारतीय क्रिकेट नियामक मंडळ ‘राज्य’ आहे का? 2005मध्ये पाच न्यायमूर्तींच्या पीठाने तीन विरुद्ध दोन अशा मताने ‘नाही’ म्हटलं. मात्र मंडळ सार्वजनिक स्वरूपाचं काम करतं, म्हणून अनुच्छेद 226खाली उच्च न्यायालयात दाद मागता येते, हेही त्याच निकालात आहे. म्हणजे संस्था सरकारी नसतानाही तिचं काम सार्वजनिक कायद्याच्या कक्षेत येऊ शकतं.

प्रतिसाद
त्या ‘राज्य’ शब्दाबद्दल दोन ओळी. बातमीत ‘राज्य’ म्हणजे महाराष्ट्र. अनुच्छेद 12मध्ये संसद, केंद्र सरकार, राज्यांची विधिमंडळं आणि सरकारं, शिवाय स्थानिक आणि इतर प्राधिकरणं, एवढी सगळी ‘राज्य’ या एका शब्दात आहेत. मुंबई महानगरपालिकासुद्धा ‘राज्य’. 1985चा फुटपाथवासीयांचा निकाल वाचताना हे लक्षात ठेवलं तरच मूलभूत हक्कांचा दावा पालिकेविरुद्ध कसा उभा राहिला ते कळतं. ‘जगण्याच्या हक्कात उपजीविका येते’ हे त्या निकालात ठामपणे आलं. पदपथावरून हटवण्याचा पालिकेचा अधिकारही कायम राहिला, हे मात्र फारसं कोणी सांगत नाही. सांगायला हवं.

प्रश्नकर्त्याकडून
आता उलगडतंय. मग ही विभागणी सगळ्या देशांत सारखीच असते का?

प्रतिसाद
मुळीच नाही, आणि ‘तुलनात्मक’ची गरज इथेच पडते. फ्रान्समध्ये कोणत्या न्यायालयात जायचं तेच या विभागणीवर ठरतं. तिथे प्रशासकीय न्यायालयांची स्वतंत्र उतरंड आहे आणि तिच्या शिखरावर 1799मध्ये स्थापन झालेली राज्य परिषद. बोर्दोच्या सरकारी तंबाखू कारखान्याच्या गाडीखाली सापडून एक लहान मुलगी जखमी झाली. त्या प्रकरणात 1873मध्ये ठरलं, की राज्याच्या जबाबदारीला नागरी संहितेचे नियम लागू नाहीत आणि असे दावे प्रशासकीय न्यायालयांकडेच जातील. इंग्लंडमध्ये विधिज्ञ डायसीने 1885मध्ये या व्यवस्थेवर कडाडून टीका केली. अधिकारी असो की सामान्य माणूस, न्यायालय एकच हवं, हा त्याचा आग्रह. आपण बराचसा तोच वारसा घेतला, म्हणून मुंबई उच्च न्यायालय दिवाणी अपिलंही ऐकतं आणि रिट याचिकाही.

‘शासनविधी’ मला पटत नाही. शासन म्हटलं की मंत्रालय डोळ्यांसमोर येतं, पण हा कायदा संसदेलाही बांधतो. किती बांधतो ते देशागणिक बदलतं. जर्मनीच्या 1949च्या मूलभूत कायद्यात, म्हणजे तिथल्या राज्यघटनेत, काही तत्त्वांना घटनादुरुस्तीनेही हात लावता येत नाही, असं कलम 79मध्येच लिहिलेलं आहे. आपल्याकडे असं वाक्य राज्यघटनेत नाही. 24 एप्रिल 1973 रोजी केशवानंद भारती खटल्यात तेरा न्यायमूर्तींनी सात विरुद्ध सहा अशा मताने मूलभूत चौकटीचं तत्त्व मांडलं: घटनेची मूळ चौकट संसदेला दुरुस्तीनेही मोडता येत नाही. ब्रिटनमध्ये संविधान एका दस्तऐवजात नाही आणि संसदेचा कायदा रद्द करण्याचा अधिकार तिथल्या न्यायालयांना नाही. 1998च्या मानवाधिकार कायद्याखाली ती फक्त कायदा मानवाधिकारांशी विसंगत असल्याचं जाहीर करू शकतात, पुढचं संसदेवर.

‘सार्वजनिक कायदा’च ठेवा. मुलीला मात्र प्रत्येक खटल्यात आधी एक गोष्ट शोधायला सांगा: इथे कोण, कोणत्या अधिकाराने वागतं आहे.