उन्हात सराव कधी थांबवायचा? सगळ्या शाळांना एकच आकडा नको

क्रीडाशिक्षक: 'पारा ४० वर गेला की सराव बंद' हा सरसकट नियम मला पटत नाही. कोरड्या हवेत घाम वाळतो आणि अंग निवतं. दमट हवेत ३२ अंशांनाही तो नुसता ओघळत राहतो. म्हणून डब्ल्यूबीजीटी मोजा, म्हणजे उष्णता, दमटपणा आणि ऊन एकत्र धरणारा आकडा. त्यात ओल्या कापडात गुंडाळलेल्या तापमापीला ७० टक्के, उन्हात ठेवलेल्या काळ्या गोळ्यातल्या तापमापीला २० आणि साध्या तापमानाला १० टक्के वजन असतं. मर्यादाही तिथल्या हवेप्रमाणे हवी. अमेरिकेत शालेय खेळांसाठी तीन विभाग सुचवले गेलेत: थंड भागात डब्ल्यूबीजीटी साधारण ३० ला मैदान बंद, मध्यम भागात ३२ ला, उष्ण भागात ३३ च्या पुढे.

एक आई: उष्ण भागातल्या मुलांचे मेंदू आणि मूत्रपिंडं वेगळी असतात का? 'आमची पोरं काटक आहेत' हे ऐकून कान किटले. तीच सबब आता नियमात बसणार.

क्रीडाशिक्षक: सबब नाही, शरीर खरंच सरावतं. घाम लवकर सुटतो, त्यातून मीठ कमी जातं.

एक आई: सरावतं, पण त्याला १० ते १४ दिवस लागतात, तेही रोज उन्हात खेळलं तर. सुट्टीनंतर परवाच आलेल्या किंवा तापातून उठलेल्या मुलाचं काय?

क्रीडाशिक्षक: हे मान्य. त्यांना पहिले दोन आठवडे हलका सरावच द्यायला हवा. पण उष्ण भागात थंड भागाचा आकडा लावलात तर महिनोन्‌महिने मैदान बंद राहील, आणि मग लोक उपकरणाकडे बघायचंच सोडतील. न पाळला जाणारा नियम जास्त घातक, असं माझं ठाम मत आहे.

माजी खेळाडू: आकड्यावर भांडताय, पण तो मोजता कुठे? फोनवरचं तापमान बहुतेकदा दूरच्या केंद्राचं असतं. कृत्रिम गवत भर उन्हात मातीपेक्षा कितीतरी जास्त तापतं. आमच्या संघातला एक जण सरावात झोकांड्या खाऊ लागला. गुण विचारले तर आदल्या दिवशीच्या सामन्याचे सांगितले. शर्ट पिळून निघेल इतका घाम होता, म्हणून प्रशिक्षक म्हणाले, 'हा उष्माघात नव्हे.' तो उष्माघातच होता. धावण्या-खेळण्याच्या श्रमाने होणाऱ्या उष्माघातात घाम थांबतोच असं नाही. अशा वेळी आधी बर्फाच्या पाण्यात बुडवून अंग थंड करायचं, मग दवाखाना. आमच्याकडे टबच नव्हता.

एक आई: मग माझी अट एवढीच: आकडा ३० ठेवा की ३३, पण भरलेला टब मैदानाच्या कडेला दिसल्याशिवाय शिट्टी वाजवायची नाही.