हिरव्या काठाची गवसणी: गाणं शिकताना पोरं अजून काय शिकतात? (अनुभव धागा)

वडगावची लेक
गणपती तोंडावर आलेत म्हणून काल माळा काढला. ट्रंकेत तळाशी माझ्या तंबोऱ्याची गवसणी सापडली. आईने जुन्या नऊवारीची शिवलेली, हिरवे काठ. तंबोरा कधीच गेला, गवसणी तेवढी राहिली. नाकाशी धरली आणि बेळगावच्या शहापुरातला क्लासच आठवला.

आधी सतरंजी झटकायची, मग गवसणी उतरवून घडी घालायची, मग बसायचं. माझी घडी वाकडी झाली की गुरुजी काही न बोलता ती उलगडून परत हातात द्यायचे. एकदा पाच वेळा दिली. त्या दिवशी गाणं झालंच नाही. गुरुजी घरात कन्नड बोलायचे, आम्ही मराठी पोरं. ‘साकू’ म्हणाले की गाणं बंद, एवढं कन्नड मला पहिल्या आठवड्यात आलं.

आता लेक आठ वर्षांची आहे. क्लासहून येते, ‘थँक्यू मिस’ दारातच म्हणून झालेलं असतं, पिशवी सोफ्यावर. गाण्याने पोरांना खरंच जाण येते, की आपल्या वेळी नुसता धाक होता? लिहा की.

खानापूरकर
आमच्याकडे क्लास कुठला वो, गावचं भजन. मी टाळ घेऊन बसायचो. एका एकादशीला अंगात आल्यासारखी लय वाढवली, म्हाताऱ्यांना गाठता येईना. पखवाजवाल्या आबांनी हात थांबवला आणि नुसतं माझ्याकडं बघितलं. बास. अजून कुठं घाई करायला लागलो की ते डोळे दिसतात.
आणि शेवटी सगळ्यांनी एकमेकांच्या पाया पडायचं. धाकट्या चुलतभावाच्या पाया पडताना जाम लाज वाटायची, दुपारीच त्याला विहिरीवर बडवलेला असायचा.

शहापूरवाली
विहिरीवर 😂😂

उलटाच बोलतो
माफ करा, पण माझा आत्तेभाऊ प्रारंभिकपासून विशारद पूर्णपर्यंत सातही परीक्षा पास. त्याच्याइतका माजोरडा माणूस आख्ख्या घराण्यात नाही. तबलजी जरा चुकला की भर कार्यक्रमात मागे वळून बघतो. सुरांनी स्वभाव सुधरत असता तर आमची आत्या सुखी असती.

वडगावची लेक
@उलटाच बोलतो, हेच तर विचारतेय. त्याने कधी सतरंजी घातली होती काय?

उलटाच बोलतो
छ्या. त्याची पेटी पण आत्याच उचलायची.

तबल्याची आई
कुकर लावलाय, तीन शिट्ट्यांत लिहिते. पोराने स्टीलचा पेला मारून तबल्याची पुडी, म्हणजे वरचं कातडं, फाडली. वय दहा. सरांनी ओरडलं नाही, म्हणाले दुरुस्तीवाल्याकडे तूच घेऊन जा आणि बसून बघ. बसलो दोघंही. शाईचा एक थर लावायचा, दगडाने घोटायचा, परत थर, परत घोटायचं. काकांची बोटं कायमची काळी. पोरगं आधी मोबाईल मागत होतं, मग गप्प झालं. येताना स्कूटरवर मागून विचारतं, “आई, काका जेवले असतील काय गं?” आता तबल्याला चुकून पाय लागला तर नमस्कार करतो, मला धक्का लागला तर नाही करत, ते वेगळं.
झाली तिसरी.

टिळकवाडीकर
दुरुस्तीवाला कुठला? पावसाने आमच्या पेटीचा एक सूर दाबला की वर येईना झालाय.

सुळेभावीच्या वाटेवर
स्वभाव घडण्याचं म्हणता तर कुमार गंधर्व आपल्या सुळेभावीचे, 1924 चा जन्म. 1947 नंतर क्षयाने पाच-सहा वर्षं गाता आलं नाही. हे पोराला सांगितलं तर विचारतो, “मग दिवसभर काय करायचे?” म्हटलं, ऐकायचे. देवासला पडल्या पडल्या तिकडच्या बायकांची माळव्यातली गाणी ऐकायचे, तीच पुढं त्यांच्या गाण्यात आली. त्याला खरं वाटेना. नुसतं ऐकणं म्हणजे काही करणंच नव्हे, असं या पोरांना वाटतं.

निपाणीकर
मग आमच्या बाजूला कुरुंदवाडचे विष्णु दिगंबर, 1872! फटाक्याने डोळे अधू झाले म्हणून गाण्याकडे वळले, 1901 ला थेट लाहोरात विद्यालय काढलं. सुळेभावी 1, कुरुंदवाड 1.

सुळेभावीच्या वाटेवर
कुरुंदवाड कोल्हापूर जिल्ह्यात येतं वो. मोजू नका.

निपाणीकर
निपाणीवाल्याला हद्द शिकवू नका 🙏

शहापूरवाली
झालं सुरू. @टिळकवाडीकर, आधी पट्टी काढून आत झुरळ आहे काय बघा.

खानापूरकर
आणि ठेवताना भात्यातली हवा सोडूनच बंद करा. आबा ओरडायचे, श्वास कोंडून झोपतं काय कोण?

वडगावची लेक
आत्ता लेकीला गवसणी दाखवली. म्हणते, “यात माझा लॅपटॉप मावेल काय?” म्हटलं, आधी हात धुऊन ये, मग हात लाव. का म्हणून विचारलं नाही, गेली धुवायला. मग घडी घातली. वाकडी. मी उलगडून परत दिली तर माझ्याकडे अशी बघायला लागली की काय सांगू.

तबल्याची आई
पाच वेळा देऊ नको हं, आजकालची पोरं आहेत.

टिळकवाडीकर
दोन निघाली. झुरळं. सूर अजून अडकलेलाच आहे.