बग कळवायचा, आणि वर बोलणीही खायची?

तर्कट:
ओपन सोर्स, म्हणजे कोड सर्वांना खुला असलेल्या, प्रकल्पात बग (सॉफ्टवेअरमधली चूक) कळवायचा म्हटलं की हल्ली हात आखडतो. आवृत्ती, लॉग, बग हमखास दिसेल अशा पायऱ्या, सगळं नीट लिहून द्यायचं. महिनोन्‌महिने तिकडे कुणी फिरकत नाही. मग एक दिवस बॉट, म्हणजे आपोआप चालणारा प्रोग्रॅम, येतो आणि 'हालचाल नाही' म्हणून इश्यू (आपण नोंदवलेली तक्रार) बंद करतो. अहो, हालचाल तुमच्याकडून व्हायची होती! जाब विचारला की 'पीआर पाठवा', म्हणजे दुरुस्तीचा कोड तुम्हीच लिहून द्या, हे ठरलेलं उत्तर. तुम्ही कोड फुकट लिहिता, मान्य. पण हजार ओळींतून नेमक्या दहा ओळी वेगळ्या काढून बग दाखवायला माझी अख्खी संध्याकाळ गेली, तीही फुकटच.

सेमीकोलन:
बऱ्याच ओपन सोर्स प्रकल्पांना असतो तो एमआयटी परवाना वाचलाय का? सॉफ्टवेअर जसं आहे तसं, कसलीही हमी नाही. मी एक छोटी लायब्ररी (इतर प्रोग्रॅमांना वापरता येणारा तयार कोड) सांभाळतो. तुमच्यासारखे रिपोर्ट विरळाच. बाकी सगळे 'चालत नाही, अर्जंट आहे', आणि खाली कंपनीची सही. त्यात आता एआयने रचलेल्या सुरक्षा-त्रुटी! त्या खोट्या आहेत हे सिद्ध करण्यात आमचे तास जातात. डेटाची ने-आण करणारं कर्ल हे साधन, त्याच्या प्रकल्पाने तर या कचऱ्याला कंटाळून त्रुटी शोधणाऱ्यांसाठीची बक्षीस योजनाच गुंडाळली.

रात्रपाळी:
फाइली आकुंचित करणारं एक्सझेड हे ओपन सोर्स साधन विसरलात का? 2022 मध्ये काही खात्यांनी 'काम फार रेंगाळतंय, दुसरा मेंटेनर (प्रकल्प सांभाळणारा) आणा' असा ते एकट्याने सांभाळणाऱ्या माणसामागे लकडा लावला. नवा सहकारी आला, त्याने विश्वास कमावला आणि 2024 मध्ये 5.6.0 आवृत्तीत बॅकडोर, म्हणजे गुपचूप आत शिरण्याचा चोरदरवाजा, घुसवलं. 'काय झालं याचं?' असं दर आठवड्याला विचारणाऱ्यांनी हे जरूर वाचावं.

तर्कट:
पुढचंही वाचा की. ते पकडलं कुणी? आंद्रेस फ्रॉइंड एक्सझेडचे मेंटेनर नव्हते. एसएसएच (दूरच्या संगणकात सुरक्षितपणे शिरण्याची सोय) लॉगिनला अर्धा सेकंद जास्त का लागतोय, याचा छडा लावत बसले म्हणून सापडलं. अशा माणसाचा इश्यू बॉटने बंद केला तर?

सेमीकोलन:
ते पुरावा घेऊन आले, तगादा घेऊन नाही.

जुनं खोड:
पुरावा असलेले इश्यूही बॉट बंद करतोच, त्याला काय कळतंय! जमणार नसेल तर सरळ 'करणार नाही' लिहा. एसक्यूलाइट या डेटाबेसवाले उघड सांगतात, कोड सर्वांना खुला, पण बाहेरचे पॅच (कोडमधल्या दुरुस्त्या) सहसा घेत नाही. कुणाची फसगत होत नाही.

सेमीकोलन:
'करणार नाही' लिहून बघा एकदा. खाली भांडणांची रांग लागते. बॉटशी कुणी भांडत नाही.

तर्कट:
मी भांडलोय.