मॅगी निकल्स: रिओ हुकलं, मग कॉलेजमध्ये दोनदा ऑल-अराउंड विजेती कशी?

लेव्हल_नऊची_आई (प्रश्न)

अमेरिकी जिम्नॅस्ट मॅगी निकल्सची कारकीर्द वाचतेय. २०१५ च्या ग्लासगो जागतिक स्पर्धेत सांघिक सुवर्ण आणि फ्लोअरला कांस्य. त्याच वर्षी अमेरिकेच्या राष्ट्रीय स्पर्धेत सिमोन बाइल्सच्या पाठोपाठ दुसरी. २०१६ च्या रिओ ऑलिंपिकच्या निवड चाचणीत सहावी आली, पण संघात सोडाच, राखीव खेळाडूंतही नाव आलं नाही. नंतर ओक्लाहोमा विद्यापीठाकडून २०१८ आणि २०१९ ला एनसीएएची (अमेरिकी कॉलेजांच्या क्रीडा संघटनेची) ऑल-अराउंड, म्हणजे चारही साधनांची मिळून, विजेती, शिवाय एकूण २२ वेळा १० पैकी १०!

कॉलेजचं जिम्नॅस्टिक्स सोपं असतं म्हणून हे जमलं का? आणि गुडघ्याची शस्त्रक्रिया झालेली मुलगी आठवड्यामागून आठवडे स्पर्धा कशी खेळते? माझी मुलगी लेव्हल ९ ला (दहापैकी नवव्या पातळीवर) आहे, म्हणून नेमकं समजून घ्यायचंय.

खडूचा_डबा

सोपं म्हणण्याआधी गुण कसे देतात ते बघा. आंतरराष्ट्रीय स्पर्धेत २००६ पासून काठिण्याच्या गुणांना वरची मर्यादाच नाही. थोडी चूक झाली तरी अवघड कसरत करणारी पुढे निघून जाते. कॉलेजमध्ये छत १० चंच. सगळ्या अटी पूर्ण केल्यावर रूटीन (एका साधनावरची पूर्ण कसरत) ९.४० पासून सुरू होतं, उरलेले ०.६० अवघड घटक आणि त्यांच्या जोडण्यांच्या बोनसमधून मिळवायचे. बहुतेक चांगल्या खेळाडू १० च्या सुरुवातीपर्यंत पोचतात. त्यामुळे पुढची सगळी चुरस कपातीची असते.

ही कपात किती बारीक असते बघा. बारवर हँडस्टँड (हातांवर उलटं उभं राहणं) उभ्या रेषेपासून १० अंशांच्या आत असेल तर माफ, त्यापुढे ०.०५ पासून कापायला सुरुवात. लँडिंगला छोटी उडी किंवा पाय सरकला तर ०.०५ ते ०.१०, मोठं पाऊल ०.२०, पडलात तर ०.५०. स्प्लिट लीपमध्ये पाय १८० अंश उघडले नाहीत तर कपात. लँडिंगला पाय नितंबांच्या रुंदीइतके उघडे चालतात, पण मग चवडे न उचलता टाचा जुळवायच्या. हे शेवटचं मुली विसरतात आणि ‘स्टिक’ (न हलता लँडिंग) करूनही १० जातो.

साध्या मीटमध्ये (स्पर्धेत) दर साधनाला दोन पंच असतात. दोघांची सरासरी ९.९७५ दिसली तर एकाने १० दिले आणि दुसऱ्याला ०.०५ ची काहीतरी खोट सापडली असं समजायचं. निकल्सचं बलस्थान नेमकं इथे होतं. तिची बार आणि बीमची रूटीन्स आधीपासूनच नीटस होती, पण एलिटमध्ये (आंतरराष्ट्रीय पातळीवर) त्या नीटसपणाचं मोल काठिण्याखाली दबायचं.

दीड_गिरकी

गुडघ्याबद्दल. एप्रिल २०१६ मध्ये सराव करताना तिचा मेनिस्कस (गुडघ्यातली कुर्चेची गादी) फाटला. व्हॉल्ट होता अमानार: राउंड ऑफ, उलटी हँडस्प्रिंग घेऊन टेबलावर हात आणि तिथून हवेत अडीच ट्विस्ट (गिरक्या). तेव्हा त्याचं काठिण्य ६.३ होतं, म्हणून अमेरिकी संघात जागा हवी असेल तर तो टाळणं कठीण. पण टेबलावरून उंची जरा कमी पडली की शेवटचा पाव ट्विस्ट हवेत संपत नाही, जमिनीवर संपतो. पाय मॅटमध्ये रुतलेला, गुडघा वाकलेला आणि वरचं धड अजून फिरतंय, अशा वेळी मांडीचं हाड आणि नडगी यांच्यामधली ती कुर्चेची गादी पिळली जाते. जूनमध्ये ती स्पर्धेत परतली, पण इतक्या कमी वेळात पूर्वीची कठीण कसरत परत बसवणं फार अवघड होतं.

कॉलेजमध्ये ती दीड ट्विस्टचा युर्चेन्को (अमानारसारख्याच सुरुवातीचा व्हॉल्ट) मारायची. लँडिंगची दिशा तीच, टेबलाकडे पाठ, पण एक पूर्ण ट्विस्ट कमी. हवेतच फिरणं संपतं आणि गुडघे सरळ दिशेने दाब घेतात. नशिबाने नियमही जुळला: २०१६ च्या हंगामापासून एका ट्विस्टच्या युर्चेन्कोची सुरुवात ९.९५ वर आणली गेली आणि दीड ट्विस्टचा १० वर राहिला. म्हणजे तिच्यासाठी ‘सोपा’ असलेला व्हॉल्ट कॉलेजच्या मैदानात सर्वांत वरच्या मूल्याचा ठरला.

सरावाचे तासही कमी. हंगामात आठवड्याला जास्तीत जास्त २० तास, दिवसाला ४, आणि एक दिवस पूर्ण सुट्टी. मात्र जानेवारी ते एप्रिल जवळपास दर आठवड्याला मीट असते. एलिटसारखं वर्षातून दोनदा शिखर गाठून भागत नाही. लँडिंगची संख्या मोजून ठेवावी लागते आणि बरीचशी मऊ मॅटवर किंवा फोमच्या खड्ड्यात करावी लागतात.

शनिवारची_मीट

संघाचं गणित राहिलं. दर साधनाला सहा जणी उतरतात, पाच जणींचे गुण धरतात. एक पडली तर ती वगळता येते. दुसरी पडली की तो गुण धरावाच लागतो. म्हणून चारही साधनांवर हमखास ९.९ देणारी मुलगी प्रशिक्षकाला सोन्यासारखी.

एप्रिल २०१८ चा सेंट लुईसचा अंतिम सामना बघा. आदल्या दिवशी निकल्स ऑल-अराउंड जिंकली. दुसऱ्या दिवशी यूसीएलएच्या (लॉस एंजेलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या) पेंग पेंग लीने बीमवर अगदी शेवटी १० घेतले आणि ओक्लाहोमा हरलं: १९८.०७५ विरुद्ध १९८.०३७५. फरक ०.०३७५, म्हणजे एका पंचाच्या ०.०५ पेक्षाही कमी!

आणि एक गोष्ट सांगितलीच पाहिजे. अमेरिकी संघाचा डॉक्टर लॅरी नासर याने निकल्सवर केलेल्या लैंगिक अत्याचाराची तक्रार २०१५ मध्ये तिच्या प्रशिक्षिकेमार्फत अमेरिकी जिम्नॅस्टिक्स संघटनेकडे गेली होती. जानेवारी २०१८ मध्ये तिने स्वतःचं नाव जाहीर केलं आणि त्याच हंगामात हे विजेतेपद मिळवलं. तिच्या कारकिर्दीत मला हे पदकांहून मोठं वाटतं.

२०२० चा शेवटचा हंगाम कोविडमुळे मार्चमध्येच थांबला. हिवाळी खेळांना (कॉलेजचं जिम्नॅस्टिक्स त्यांतच मोडतं) जादा वर्ष मिळालं नाही, त्यामुळे तिसऱ्यांदा प्रयत्न करायची संधीच गेली.

लेव्हल_नऊची_आई

सगळ्यांचे आभार. बाइल्स मग कॉलेजला का खेळली नाही? आणि आम्ही आत्ता काय करावं?

खडूचा_डबा

बाइल्सचं यूसीएलएशी ठरलं होतं, पण २०१५ मध्ये ती व्यावसायिक झाली आणि तेव्हाच्या नियमाने पात्रता गेली. निकल्सने हौशी दर्जा राखला. १ जुलै २०२१ पासून कॉलेजच्या खेळाडूंना स्वतःच्या नावावर जाहिराती घेता येतात, म्हणून अमेरिकी जिम्नॅस्ट सुनी ली ऑलिंपिक सुवर्णानंतरही ऑबर्न विद्यापीठाकडून खेळू शकली.

तुमच्यासाठी: डिव्हिजन १ चे (कॉलेज खेळाच्या सर्वांत वरच्या श्रेणीचे) प्रशिक्षक मुलीशी थेट बोलू शकतात ते तिचं दहावीचं वर्ष संपल्यावर, १५ जूनपासून. तोवर लेव्हल १० ची निदान एक पूर्ण स्पर्धा झालेली असावी. एनसीएए पात्रता केंद्रात नोंदणी करा. शाळेतले १६ मूळ विषय आणि त्यांत किमान २.३ जीपीए (सरासरी गुणांक) लागतो. व्हिडिओ पाठवताना तुकडे जोडू नका. पूर्ण रूटीन एका दमात, कॅमेरा बाजूने, आणि लँडिंगनंतर दोन सेकंद चित्रीकरण चालू ठेवा. प्रशिक्षक पाय जुळले का तेच बघतात.