शरीर 'आता पुरे' म्हणतं तेव्हा : अनुभव धागा

धागाकर्ती

माणसाला देहाची मर्यादा ओलांडता येते का, हा प्रश्न आपल्याकडे बहुतेक वेळा पोथीत सुरू होतो आणि पोथीतच मिटतो. इथे तो दुसऱ्या टोकाने धरू. पळणारे, ध्यानाला बसणारे, उपास धरणारे, प्राणायाम शिकवणारे, कृत्रिम पाय बसवणारे, या सगळ्यांच्या हाताला ही मर्यादा रोज लागते. ती कुठे असते, कशी ओळखायची, किती सरकते आणि कुठे तसूभरही सरकत नाही, ते लिहा. स्वतःच्या पराक्रमाच्या गोष्टी नकोत, वाचणाऱ्याला वापरता येईल असं लिहा. नागपूरची हवा धरून लिहिलंत तर फारच छान.

फुटाळा पहाट

मग उन्हापासूनच धरू. २३ मे २०१३ ला नागपुरात ४७.९ अंश नोंदले गेले. पण पारा हा अर्धाच हिशेब आहे. एक लिटर घाम पूर्ण वाळला तर अंगातली साधारण ५८० किलोकॅलरी उष्णता घेऊन जातो. नुसता टपकून खाली पडलेला घाम काहीच नेत नाही. म्हणून घाम किती आला यापेक्षा किती वाळला हे बघायचं.

यासाठी ओल्या फुग्याचं तापमान पाहतात, म्हणजे थर्मामीटरच्या फुग्यावर ओलं फडकं गुंडाळून वारा घातल्यावर जो आकडा येतो तो. मे महिन्यात ४५ अंश आणि आर्द्रता १५ टक्के असेल तर हा आकडा २४ च्या आसपास येतो. जूनमध्ये पहिल्या पावसानंतर पारा ३८ वर उतरला, सगळे हुश्श करतात, पण आर्द्रता ६० टक्के असेल तर हाच आकडा ३१ वर गेलेला असतो. त्याच दिवसांत घरातला कूलर नुसती दमट हवा फेकायला लागतो. वाळ्याच्या जाळीतून पाणी उडत नाही आणि आपल्या कातडीवरूनही उडत नाही, कारण तेच. लोक नवतप्याला (मेअखेरच्या सर्वांत तापलेल्या नऊ दिवसांना) भिऊन राहतात आणि जूनच्या दुसऱ्या आठवड्यात बिनधास्त पळायला निघतात. मला विचाराल तर धोका तिथे जास्त आहे.

माणसाच्या सोसण्याची सैद्धांतिक सीमा ओल्या फुग्याच्या ३५ अंशांवर धरत असत. पेनसिल्व्हेनिया स्टेट विद्यापीठात तरुण, निरोगी लोकांवर झालेल्या प्रयोगांत (२०२२) दमट हवेत घरकामाइतक्या हालचालीलाही ती ३१ च्या आसपासच निघाली. कोरड्या भट्टीसारख्या हवेत तर २५ ते २८ लाच. तिथे घाम वाळतो खरा, पण ग्रंथींना तेवढा घाम पुरवणंच जमत नाही. म्हणजे मे महिनाही निर्धोक नाही.

सरकतं काय? १० ते १४ दिवस रोज तासभर, अंग तापेल इतपत हलका व्यायाम केला की रक्तातलं पाणी वाढतं, घाम लवकर सुटतो आणि त्यात मीठ कमी जातं. तीनेक आठवडे खंड पडला की यातलं बरंचसं गेलेलं असतं. मार्चमध्ये सुरुवात करा, थेट मेमध्ये नको.

सरकत नाही ते हे: आतलं तापमान ४० च्या वर आणि माणूस बरळायला लागला, भलतंच उत्तर देतो, पाय वाकडे पडतात, तर तो उष्माघात. पळताना झालेल्या उष्माघातात घाम चालूच असू शकतो, "घाम येतोय ना, मग काही नाही" हा समज जिवावर बेततो. आधी थंड करायचं, मग गाडीत घालायचं. टाकं किंवा टब मिळाला तर बर्फाच्या पाण्यात मानेपर्यंत. नाहीच मिळालं तर ओल्या चादरी, सपाटून वारा, मान-काख-जांघेत बर्फ. शुद्ध हरपत असलेल्याच्या तोंडात पाणी ओतू नका.

आणि पाणीसुद्धा अती नको. चार-पाच तास नुसतं साधं पाणी ढोसत राहिलं तर रक्तातलं सोडियम उतरतं, डोकं दुखतं, ओकारी येते, झटके येतात. लक्षणं उन्हासारखी दिसतात आणि लोक आणखी पाणी पाजतात. घरच्या घरी एक लिटर पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ एवढं प्रमाण धरा. मीठ अंदाजाने टाकू नका.

सेमिनरी हिल्सचा चढ

पळण्यात दोन वेगळ्या मर्यादा असतात आणि शिकवताना त्या वेगळ्या काढाव्या लागतात. पहिली मेंदू घालतो. व्यायामाचे अभ्यासक टिम नोक्स यांनी १९९० च्या दशकात मांडलं की स्नायू निकामी होण्याच्या बऱ्याच आधी मेंदू वेग कमी करायला लावतो. या मतावर वाद अजून चालू आहे. पण एक गोष्ट कोणालाही दिसेल: दमून जेमतेम पाय उचलणारा माणूस शेवटचे २०० मीटर दिसले की वेग वाढवतो. राखून ठेवलेलं काहीतरी होतंच.

दुसरी मर्यादा ऊतींची. तिच्याशी घासाघीस होत नाही. हृदय आणि रक्त काही आठवड्यांत तयार होतं. हाडाला झीज भरून स्वतःला बांधायला तीन-चार महिने लागतात. दुसऱ्या महिन्यात दम टिकायला लागला की लोक अंतर वाढवतात आणि नडगीचं हाड मागे राहिलेलं असतं. ओळखायची खूण: दुखणं हातभर पसरलेलं असेल आणि पळता पळता कमी होत असेल तर बहुधा स्नायू. एका बोटाने दाखवता येतं, दाबलं की तिथेच कळ येते, एका पायावर उडी मारवत नाही, रात्रीही ठणकतं, तर हाड. तिथे पळणं त्या दिवशीच बंद आणि डॉक्टरकडे. एक्स-रे सुरुवातीला स्वच्छ येऊ शकतो, त्यावर भिस्त ठेवू नका.

३० किलोमीटरनंतरची 'भिंत', म्हणजे एकाएकी ताकद संपणं, हा मात्र निश्चयाचा प्रश्न नाहीच. अंगात ग्लायकोजेन, म्हणजे साठवलेली साखर, असतं चार-पाचशे ग्रॅम, ते त्या सुमारास संपत येतं. तासाला ३० ते ६० ग्रॅम साखर पहिल्या तासापासून घेतली, तर भिंत पुढे सरकते. भिंतीजवळ गेल्यावर खाल्लं तर उशीर झालेला असतो.

तासाची बैठक

विपश्यनेच्या दहा दिवसांच्या शिबिरात चौथ्या दिवसापासून रोज तीन वेळा तासभर हात-पाय न हलवता, डोळे न उघडता बसायचं असतं. याला अधिष्ठान म्हणतात. इथे मर्यादा अगदी जवळून दिसते, म्हणून थोडं सविस्तर.

साधारण विसाव्या मिनिटाला पाय बधिर होतो. सगळे म्हणतात रक्त अडलं. बहुतेक वेळा दाबली गेलेली असते ती नस. गुडघ्याच्या बाहेरच्या अंगाला, खालच्या बारीक हाडाच्या मानेला वळसा घालून एक नस पावलाकडे जाते, ती मांडीत आणि जमिनीत चेपते. उठल्यावर पाचेक मिनिटांत मुंग्या येऊन गेल्या तर काळजी नाही. अर्धा तास बधिरपणा राहिला किंवा पावलाची बोटं वर उचलत नाहीत असं झालं, तर ती बैठक सोडायची, संकल्प असला तरी.

पद्मासनात मांडी वळते ती खुब्यातून. खुबा आखडलेला असेल आणि पाय ओढून वर चढवला, तर तो पीळ गुडघ्यातल्या गादीवर येतो. गुडघ्याच्या आतल्या बाजूला चिमटा बसल्यासारखी तीक्ष्ण कळ आली तर ती पाहत बसायची नसते, पाय सोडायचा. उपाय साधा आहे: बुडाखाली चार ते सहा इंच घट्ट उशी, इतकी की गुडघे कमरेच्या खाली येतील. गुडघा अधांतरी राहत असेल तर त्याखाली घडी घातलेली चादर. मऊ उशी दहा मिनिटांत बसते आणि पाठ गोल होते.

हे सगळं नीट झालं तरी दुखणं उरतंच, आणि अभ्यास या उरलेल्या दुखण्यावर असतो. ते बारकाईने पाहिलं तर एकसंध नसतं. ठणका, उष्णता, ओढ, धडधड असे तुकडे दिसतात आणि प्रत्येक तुकडा बदलत असतो. त्याच्यावर चढलेलं "अजून चाळीस मिनिटं आहेत, मला नाही जमणार" हे वेगळं दिसायला लागतं. बुद्धांनी दोन बाणांचा दृष्टांत याच्यासाठीच दिला. पहिला बाण शरीराला लागतो, दुसरा आपण मारून घेतो. दुसरा थांबवता येतो. पहिला थांबल्याचा दावा कोणी केला तर त्याच्या गुडघ्यांची मला काळजी वाटते.

इतवारीचा आहारतज्ज्ञ

उपासाबद्दल आधी एक स्पष्ट करतो. साबुदाणा आणि शेंगदाण्याच्या उपासात शरीर उपाशी नसतंच. खरा उपास यकृतातला सुमारे १०० ग्रॅम ग्लायकोजेनचा साठा संपल्यावर, म्हणजे १८ ते २४ तासांनी सुरू होतो. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी चरबीपासून बनणारे कीटोन वाढतात आणि मेंदू त्यावर चालायला लागतो. पर्युषणात अठाई (सलग आठ दिवसांचा जैन उपास) करणारे सांगतात की तिसऱ्या-चौथ्या दिवसानंतर भूक हलकी होते, त्यामागे हे आहे.

घोटाळा बहुतेक वेळा पारण्याला होतो. आठ दिवसांनी एकदम शिरा, पेढे, उसाचा रस दिला की इन्सुलिन उसळतं, रक्तातलं फॉस्फेट, पोटॅशियम, मॅग्नेशियम पेशींत ओढलं जातं आणि हृदयाचे ठोके बिघडू शकतात. पहिल्या दिवशी मुगाचं पातळ पाणी वाटी-वाटीने, दोन-दोन तासांनी, मग दोन-तीन दिवसांत हळूहळू पातळ खिचडीपर्यंत. आधीच हडकुळा माणूस, दारूची सवय असलेला किंवा लघवी वाढवणाऱ्या गोळ्या घेणारा असेल तर हे डॉक्टरच्या देखरेखीतच. मधुमेहाच्या गोळ्यांपैकी ग्लिमेपिराइड घेणाऱ्यांची साखर उपासात धाडकन उतरते. डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन घेणाऱ्यांच्या रक्तात साखर फारशी वाढलेली नसतानाही आम्ल साठू शकतं. या गोळ्या कधी थांबवायच्या ते उपासाच्या आधी विचारायचं, मधल्या दिवशी नाही.

आणि मन शरीराच्या किती वर उठतं, याबद्दल एक प्रयोग सगळ्यांनी लक्षात ठेवावा. १९४४-४५ मध्ये मिनेसोटा विद्यापीठात अन्सेल कीज यांनी ३६ निरोगी, स्वखुशीने आलेल्या तरुणांना २४ आठवडे अर्धपोटी ठेवलं. ही मुलं युद्धाला नैतिक विरोध करणारी, तत्त्वाची पक्की होती. त्यांचं वजन सुमारे चतुर्थांशाने उतरलं, पण त्याहून मोठा बदल असा की डोक्यात अन्नाशिवाय काही उरलं नाही. काही जण पाककृतींची पुस्तकं जमवायला लागले. चिडचिड, उदासी, एकटेपणा वाढला. ठरलेल्या काळाच्या, स्वतः निवडलेल्या उपासातून जी शांतता मिळते, ती लादलेल्या भुकेत मिळत नाही. उपासाचं तत्त्वज्ञान भुकेल्या माणसाला सांगू नये.

कुंभक

थोडक्यात लिहिते. कुंभक म्हणजे श्वास रोखून धरणं. श्वास रोखल्यावर जी तडफड होते ती ऑक्सिजन संपल्याची नसते, कार्बन डायऑक्साइड वाढल्याची असते. सरावाने ती तडफड सोसायची ताकद वाढते. म्हणून १:४:२ (श्वास घेणं : रोखणं : सोडणं) हे प्रमाण एकदम धरू नका. आधी महिनाभर कुंभकाशिवाय १:२ (घेणं : सोडणं), मग १:१:२, मग १:२:२. पुढचा श्वास हापापून घ्यावा लागला तर आधीचा कुंभक जास्त झाला, एवढी खूण पुरे. उच्च रक्तदाब, हृदयविकार, गरोदरपण असताना कुंभक नाही.

भस्त्रिका करून पाण्यात उडी मारणं हा प्रकार मुलांमध्ये वाढून राहिला आहे, त्यांना आवरा. जोरजोरात श्वास घेतल्याने कार्बन डायऑक्साइड धुऊन जातो, ऑक्सिजन फारसा वाढत नाही. मग तडफड सुरू व्हायच्या आधीच ऑक्सिजन संपून शुद्ध जाते, आणि माणूस आवाजसुद्धा न करता बुडतो. इथे इशारा देणारी घंटाच काढून टाकलेली असते.

दर्शनाचा विद्यार्थी

वरचं सगळं वाचून सांख्य दर्शनवाल्यांची आठवण होते. ते म्हणतील, दुखणं प्रकृतीचं, म्हणजे देह-मनाचं, पाहणारा पुरुष, म्हणजे चैतन्य, वेगळा. पण मिनेसोटाच्या त्या मुलांत पाहणाराच भुकेने बदलला, त्याचं काय? हा आक्षेप देहापलीकडे आत्मा न मानणाऱ्या चार्वाकांनी आनंदाने उचलला असता. मला बुद्धांचं उत्तर जास्त पटतं: सहा वर्षं देह सुकवून त्यांनी पाहिलं, काही हाती लागलं नाही, आणि अन्न घेतलं. पाहणारा कायमचा वेगळा असायची गरजच नाही. पाहणं शिकता येतं, थकतं, आणि त्याला खाऊपिऊ घालावं लागतं.

मात्र एक मुद्दा या धाग्यात यायलाच हवा. 'ही तर निसर्गाचीच मर्यादा' असं म्हणणाऱ्याला, मोजली कोणी, असं विचारावं. १९२८ च्या अ‍ॅमस्टरडॅम ऑलिम्पिकमध्ये बायका ८०० मीटर धावल्या, शेवटी काही जणी थकलेल्या दिसल्या, आणि बाईच्या शरीराला हे झेपत नाही म्हणून ती शर्यत १९६० पर्यंत बंद राहिली. ऑलिम्पिकमध्ये बायकांची मॅरेथॉन यायला १९८४ उजाडलं. पुरुषही शर्यत संपल्यावर आडवे पडत होतेच. आपल्या देशात तर काही माणसांचा स्पर्शच जन्माने अशुद्ध ठरवला गेला होता, तोही निसर्ग म्हणूनच. १४ ऑक्टोबर १९५६ ला दीक्षाभूमीवर लाखो लोकांनी बाबासाहेबांबरोबर जी मर्यादा ओलांडली ती हीच. स्वतःच्या पलीकडे जाण्याची चर्चा नागपुरात करताना तपस्व्यांची उदाहरणं पुष्कळ येतात, हे उदाहरण क्वचित येतं. मला ते सर्वांत मोठं वाटतं.

पाय बसवणारा

दर्शनवाल्या दादांचा मुद्दा आमच्या कामात रोज खरा ठरतो. जयपूर फूट १९६८ च्या सुमारास रामचंद्र शर्मा आणि डॉ. प्रमोद करण सेठी यांनी घडवला, कारण परदेशी पाय खुर्ची आणि बूट धरून बनवलेले होते. आपल्या माणसाला उकिडवं बसायचं असतं, मांडी घालायची असते, चिखलात अनवाणी चालायचं असतं. मर्यादा तुटलेल्या पायात जेवढी होती तेवढीच त्या आराखड्यात होती.

कामाच्या गोष्टी. गुडघ्याखालून पाय कापल्यावर गुडघ्याखाली उशी ठेवून झोपू नका. आराम वाटतो, पण काही आठवड्यांत गुडघा वाकलेलाच राहतो आणि मग पाय नीट बसत नाही. दिवसातून दोन-तीनदा १५-२० मिनिटं पालथं झोपा. उरलेल्या पायावरची पट्टी इंग्रजी आठच्या आकारात, खाली घट्ट, वर सैल. गोल गोल गुंडाळली तर टोक फुगतं.

खोबणी, म्हणजे कृत्रिम पायाचा जो भाग उरलेल्या पायावर बसतो तो, सकाळी घट्ट आणि संध्याकाळी सैल होणं नेहमीचं आहे, उरलेला पाय दिवसभरात आकसतो. पाय खाली खोल जायला लागला, गुडघ्याच्या वाटीच्या खालच्या टोकावर दाब आला की सुती मोजा एक वाढवा. तीन-चारच्या वर मोजे लागायला लागले तर खोबणी बदलायची वेळ झाली. उन्हाळ्यात दर दोन-तीन तासांनी पाय काढून घाम पुसा, मोजा बदला, रात्री खोबणी ओल्या फडक्याने पुसून सुकवा. लाल डाग दहा मिनिटांत गेला नाही तर पाय घालू नका, फोड त्याच जागी येतो.

नसलेला पाय दुखतो, हे घरच्यांना खरं वाटत नाही. ते खरं असतं, मेंदूतला त्या पायाचा नकाशा तसाच राहिलेला असतो. दोन पायांच्या मध्ये उभा आरसा ठेवून चांगल्या पायाचं प्रतिबिंब नसलेल्या जागी दिसेल असं बसवा, रोज १५ मिनिटं पाऊल वर-खाली करा. सगळ्यांना उतार पडत नाही, पण चार आठवडे केल्याशिवाय सोडू नका. पहिल्या दिवशी काही जणांना घेरी येते किंवा रडू येतं. तेव्हा आरसा झाका, दुसऱ्या दिवशी पाच मिनिटांपासून सुरू करा.