ग्रीन्स्टेडचं लाकडी चर्च: 'सर्वात जुनं' हे बिरुद कितपत खरं?

वाळवी: इंग्लंडमध्ये एसेक्स परगण्यात ग्रीन्स्टेडला सेंट अँड्र्यूचं चिमुकलं चर्च आहे. ओकचे ओंडके उभे चिरून शेजारीशेजारी उभे केलेत. गोल बाजू बाहेर, तासलेली सपाट बाजू आत. जगातलं सर्वात जुनं लाकडी चर्च म्हणून त्याचा डंका पिटतात. मला हे फुगवलेलं वाटतं. १८४८च्या जीर्णोद्धारात ओंडक्यांची कुजलेली बुडं कापून ते विटांच्या जोत्यावर बसवले. वेदीकडचा भाग ट्यूडर राजांच्या काळातला (सुमारे १५००), तोही विटांचा. मूळ असं उरलं काय? मधल्या दालनाच्या भिंती, बस्स.

सुतारपक्षी: 'बस्स' काय! भिंतीच तर बघायला जातात लोक. लगतच्या ओंडक्यांना कडेनं खाच पाडून मध्ये लाकडी पट्टी बसवलीय, फटीतून वारा-पाऊस आत येऊ नये म्हणून. नऊशेहून अधिक वर्षांपूर्वीची सुतारकी आहे ही. आणि बुडं कापली नसती तर ओलीनं सगळंच खाल्लं असतं. नॉर्वेत बोरगुंडचं चर्च बाराव्या शतकापासून उभं आहे, कारण त्याचे खांब जमिनीत पुरलेले नाहीत, दगडी पायावरच्या आडव्या तुळयांवर आहेत.

वाळवी: कापण्याला विरोध नाही, दाव्याला आहे. आधी हे चर्च ८४५ सालचं सांगायचे. लाकडातली वर्तुळं मोजल्यावर कळलं की झाडं १०६० नंतर तोडलेली. आणि गंमत बघा, १०१३ साली संत एडमंडचं, म्हणजे संत मानल्या गेलेल्या एका जुन्या इंग्लिश राजाचं, शव इथं विसावलं होतं असं अजून सांगतात. या भिंतींनी ते पाहणं शक्यच नाही.

सुतारपक्षी: या भिंतींनी नसेल. पण १९६०च्या उत्खननात खाली आधीच्या दोन लाकडी वास्तूंच्या खुणा मिळाल्यात. शव त्यातल्या एखादीत ठेवलं असेल. आख्यायिका एवढ्यावर मोडीत निघत नाही.

चुनखडी: मला दोघांचंही पटत नाही. तारखेवरून कसले भांडता? एकोणिसाव्या शतकात इंग्लंडभर खेड्यांतली चर्चं 'मूळ रूपात आणतो' म्हणत खरवडून काढली. इंग्लिश कवी-कलाकार विल्यम मॉरिसनं १८७७ साली जुन्या इमारती वाचवायला संस्था काढली ती याच रागातून. डागडुजी करा, नव्यानं घडवू नका, एवढंच त्याचं म्हणणं. त्या हिशेबानं ग्रीन्स्टेडला बुडं कापणं माफ. बाकीची हौस नाही.

सुतारपक्षी: माफ केलंत, उपकार झाले!

वाळवी: 'सर्वात जुन्या लाकडी भिंतींपैकी काही इथे आहेत' असं लिहा, मी लगेच गप्प बसतो.

सुतारपक्षी: एवढं वाचायला पर्यटक थांबणार आहे का?